"तो त्याग नव्हता, राणीसाहेब": आठ मुलगे लढाईवर गेलेली एमी बीची

वेण्णाकाठची:

माहेर सातारा, सध्या मुक्काम इंग्लंडात नॉटिंगहॅमला. इथून लिंकन तासाभराच्या अंतरावर आहे. मागच्या महिन्यात तिथलं कॅथेड्रल बघायला गेलो होतो, पण मला खरं जायचं होतं ते अ‍ॅव्हनडेल स्ट्रीटला. विटांच्या घरांची, साधी, अरुंद गल्ली आहे. पहिल्या महायुद्धात एमी बीची नावाची विधवा बाई तिथे राहायची. तिच्याबद्दल वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

एमीचा नवरा लिंकनजवळच्या फ्रीस्थॉर्प या बारक्या गावात धर्मगुरू होता. चौदा मुलं, आठ मुलगे आणि सहा मुली. १९१२ साली नवरा कॅन्सरने गेला आणि ती लिंकनला आली. दोन वर्षांत युद्ध सुरू झालं आणि पुढच्या चार वर्षांत आठच्या आठ मुलगे सैन्यात गेले.

थोरला बार्नर्ड शाळेत गणित शिकवायचा. २५ सप्टेंबर १९१५ला फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत, पहिल्याच दिवशी गेला. वय ३८. फ्रँकही शिक्षकच, कॅथेड्रलच्या गानवृंदातल्या मुलांच्या शाळेत. नोव्हेंबर १९१६मध्ये, फ्रान्समधल्याच सोमच्या लढाईत जखमी होऊन दोन्ही सैन्यांच्या मधल्या उघड्या जमिनीवर दिवसभर पडून होता. कुणाला जवळ जाता येईना. शेवटी एक डॉक्टर जिवावर उदार होऊन त्याच्यापर्यंत पोचला, मॉर्फिन देण्यापुरता. १४ तारखेला फ्रँक गेला.

हॅरॉल्ड ऑस्ट्रेलियात शेती करायला गेला होता, तो तिथल्या सैन्यात भरती झाला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत आजारी पडला, बरा झाल्यावर परत पाठवला. फ्रान्समध्ये पोझिएरला जखमी झाला, बरा झाल्यावर पुन्हा परत पाठवला. जखमी झाल्यावर आईला लिहितो की नशीब चांगलं, गोळा बरगड्यांच्या आत गेला नाही. १० एप्रिल १९१७ला बुलकूरला गेला. चार्ल्स, तोही मास्तर, २० ऑक्टोबर १९१७ला पूर्व आफ्रिकेत. लेनर्ड बूर्लाँच्या जंगलात विषारी वायू आणि जखमांनी पडला आणि २९ डिसेंबरला रूआँच्या इस्पितळात गेला. त्याचं शेवटचं पत्र दोन ओळींचं आहे: अजून फारसं काही करावंसं वाटत नाही, आणि खूप प्रेम. आधी लांबलचक पत्रं लिहिणारा मुलगा हा.

चार्ल्स आणि लेनर्ड यांच्यात सत्तर दिवसांचं अंतर आहे. एका पोराचं सुतकही मनातून उतरलं नसेल.

उरलेल्या तिघांतला क्रिस गॅलिपोलीत जखमी होऊन कायमचा अधू झाला. एरिक सैन्यात दंतवैद्य होता. सॅम सगळ्यात धाकटा.

एप्रिल १९१८मध्ये राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी लिंकनला आले, तेव्हा एमीला त्यांच्यासमोर नेलं. राणीने तिच्या त्यागाबद्दल आभार मानले. एमी म्हणाली, "तो त्याग नव्हता, राणीसाहेब. मी त्यांना राजीखुशीनं दिलं नव्हतं."

लढाई संपायला तेव्हा अजून सात महिने होते.

मी जिथे वाढले तिथे "या गावानं इतके जवान दिले" हे वाक्य लहानपणापासून कानावर आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. शाळेची सहल तिथे गेली होती, आम्ही ओळीने उभं राहून हात जोडले. एमीचं वाक्य वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं की 'दिले' हे क्रियापद कुणाचं? गावानं दिले, देशानं घेतले, आणि त्या बायांना कुणी विचारलं होतं का? तुमच्या घरात असं कुणी असेल तर लिहा.

पायवाट:

वाचून सुन्न झालो. एक शंका. एवढ्या लांब आफ्रिकेत मुलगा गेला तर घरी कसं कळायचं? तार यायची का?

वेण्णाकाठची:

@पायवाट, अधिकारी असेल तर तार. फ्रँक अधिकारी होता. साध्या शिपायाच्या घरी तार येत नसे, टपालाने छापील फॉर्म यायचा. मधल्या रिकाम्या जागेत क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख हाताने भरलेली. त्या गल्लीत उभी असताना हेच डोक्यात होतं. पोस्टमन आला की इतर घरांतल्या बायकांनाही धडकी भरत असणार, कारण फॉर्म कुठल्या दाराशी थांबेल ते माहीत नाही.

मुलांची शेकडो पत्रं घरच्यांनी जपून ठेवली, म्हणून एवढं सगळं आज कळतंय.

सायली_नाशिक:

दोन-तीन गेल्यावर तरी उरलेल्यांना घरी पाठवायला हवं होतं ना? असा काही नियम नव्हता का?

निवृत्त_सुभेदार:

नमस्कार. नातू टाईप करतोय, मी सांगतोय.

ताई, तुम्ही चांगलं लिहिलंत. पण एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. आम्ही तिघं भाऊ फौजेत होतो. १९७१ला तिघंही वर्दीत. थोरले दादा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, पूर्वेला जमालपूरच्या लढाईत होते. मधले बंधू आणि मी पश्चिमेला, वेगवेगळ्या युनिटात. आमची आई सगळ्यांना छाती काढून सांगायची, "म्या तीन दिल्यात." हा शब्द तिचाच होता. कुणा पुढाऱ्यानं तिच्या तोंडात घातलेला नव्हता. तो तिच्याकडून काढून घेऊ नका.

आम्ही तिघंही परत आलो, हेही खरं. न येता तर ती काय म्हणाली असती, ते मी सांगू शकत नाही.

वेण्णाकाठची:

सुभेदारकाका, राग कसला? तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला अर्थ आला. तुमचं म्हणणं मान्य. मी सगळ्या आयांच्या वतीने बोलल्यासारखं लिहिलं, ते चुकलंच. त्या डिसेंबरात तुमच्या आई काय करायच्या ते आठवत असेल तर सांगाल का?

बखर:

@सायली_नाशिक, ब्रिटनमध्ये तेव्हा तसा सरसकट नियम नव्हता. ओळख, अर्ज, नशीब यांवर सगळं. डरहॅम परगण्यातल्या बार्नर्ड कॅसल गावातल्या स्मिथ कुटुंबाचं उदाहरण आहे. सहा भाऊ गेले, पाच मेले. तिथल्या धर्मगुरूच्या बायकोने थेट राणी मेरीला पत्र लिहिलं, तेव्हा सहावा विल्फ्रेड घरी पाठवला गेला. आईनं स्वतः नाही, धर्मगुरूच्या बायकोनं लिहिलं, कारण राणीला पत्र लिहायचं धाडस आणि भाषा तिच्यापाशी होती.

अमेरिकेत सोल सर्व्हायव्हर (घरातला उरलेला एकटाच) म्हणून जे धोरण ओळखलं जातं, ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं. त्यामागे आयोवातल्या वॉटर्लूच्या सुलिव्हन भावांचं नाव हमखास येतं. पाच भाऊ, एकाच जहाजावर राहू दिलं तरच भरती होऊ अशी त्यांचीच अट होती. १३ नोव्हेंबर १९४२ला पॅसिफिक महासागरात ग्वादलकनाल बेटाजवळ त्यांचं जहाज, यूएसएस जुनो, बुडालं आणि पाचही गेले. आईनं अफवा ऐकून नौदलाला आधी स्वतः पत्र लिहून विचारलं होतं. जानेवारीत नौदलाची माणसं दारात आली, तेव्हा वडील कामावर निघाले होते. "कोणता?" असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं, पाचही.

त्यानंतर या आई-वडिलांना कारखान्या-कारखान्यांतून युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी फिरवलं. एप्रिल १९४३मध्ये मुलांच्या नावाचं नवं जहाज आईच्याच हातून पाण्यात सोडलं. मुलं जाऊन पाच महिने झाले होते. ती माउली सगळीकडे बोललीही, कामगारांना धीर दिला. यातलं तिचं स्वतःचं किती आणि तिच्यावर टाकलेलं किती, हे ठरवणं मला अवघड वाटतं. सुभेदारकाकांच्या मुद्द्याशी हे जुळतं.

सायली_नाशिक:

@बखर, धन्यवाद. "कोणता?" या प्रश्नाने पोटात गोळा आला. म्हणजे एक गेला असणार हे बापाने मनात धरलेलंच होतं.

निवृत्त_सुभेदार:

ताईंनी विचारलं म्हणून सांगतो. हे मला नंतर बहिणीकडून कळलं.

आमच्या तिघांच्या पत्रांवर पत्ता एकच असायचा, युनिटचं नाव आणि पुढे ५६ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. फौजेत असलेल्यांना माहीत आहे, त्यावरून माणूस नेमका कुठं आहे ते कळत नाही. सुरक्षिततेसाठीच ती व्यवस्था असते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला वाटायचं की तिघं एकाच गावात आहेत आणि त्या गावाचं नाव छप्पन्न आहे. "माझी तिन्ही पोरं छप्पन्नला हायत, एकमेकाला बघत्यात," असं म्हणायची. वडिलांना खरं माहीत होतं. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

३ डिसेंबरला लढाई लागली. गावात एकच रेडिओ, ग्रामपंचायतीत. बाया तिथं जात नसत. आई चावडीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची, डोक्यावर रिकामी घागर घेऊन, पाण्याला चालल्यासारखं दाखवत. रोज. १६ तारखेला ढाका पडल्याची बातमी आली तेव्हा लोक ओरडायला लागले, तर तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. ती तिथंच खाली बसली, घागर फुटली.

त्या चौदा दिवसांत तिनं एकवेळच जेवण केलं. कुणाला नवस-उपास असं सांगितलं नाही. भूक नाही म्हणायची. पत्र आलं की मगच दोन घास जास्त. पण पत्र १५ दिवसांपूर्वीचं असायचं. ते लिहिलं तेव्हा मुलगा जिवंत होता एवढंच त्यातून कळतं, आज आहे का ते नाही. हे तिला कळत होतं असं बहीण म्हणते, कारण पत्र वाचून झालं की विचारायची, "ह्ये कवाचं हाय?"

तरी "म्या तीन दिल्यात" हेही तीच म्हणायची. दोन्ही एकाच बाईचं आहे.

पायवाट:

काका, दंडवत.

मनीमाऊ७२:

काका, छप्पन्नचं वाचून रडू आलं. माझे सासरे हवाईदलात होते. सासूबाई सांगायच्या की तारवाला गल्लीत शिरला की न वाचताच रडारड सुरू व्हायची. एकदा तार होती नणंदेला मुलगा झाल्याची.

बखर:

वेण्णाकाठची यांचा मूळ प्रश्न, "त्या बायांना कुणी विचारलं होतं का", त्याबद्दल थोडं.

पहिल्या महायुद्धात भारतातले सुमारे ७४ हजार सैनिक मेले. मराठी मुलखातले पुष्कळसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. तिकडे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. तिथल्या कूत गावाला तुर्की सैन्याने वेढा घातला, त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. शेवटी घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. धर्म आड येतो म्हणून अनेक हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे ते मांस नाकारलं आणि उपासमारीने खंगले. शरणागतीनंतर जवळपास १३ हजार कैदी झाले, त्यांची वाळवंटातून पायपीट झाली. वेढ्याच्या या जवळपास पाच महिन्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) या भागातल्या घरांत काय कळत होतं? घरच्यांच्या बाजूने लिहिलेलं असं मला आजवर काही वाचायला मिळालेलं नाही.

आता स्मारकाकडे या. इराकमधल्याच बसऱ्याला १९२९ साली मोठं स्मारक उभारलं, ४० हजारांहून जास्त मृतांसाठी. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी लोकांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली. शिपाई आणि नायक-हवालदार यांची फक्त संख्या, प्रत्येक पलटणीखाली एक आकडा. युद्धातल्या मृतांची स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर मात्र हिंदी सैनिकांची ४,७००हून अधिक नावं कोरलेली आहेत. म्हणजे ठरवलं असतं तर करता आलं असतं.

एमी बीचीच्या बार्नर्डचा देह सापडला नाही, पण लूसला त्याचं नाव दगडावर आहे. कूतला मेलेल्या शिपायाची आई बसऱ्यापर्यंत कशीबशी पोचली असती, तरी तिला बोट ठेवायला अक्षर नव्हतं.

दुरडी:

आजवर फक्त वाचत होते, आज खाते उघडून लिहितेय.

आमच्या गावच्या घरी, पाटण तालुक्यात, माळ्यावरच्या पेटीत एक जड थाळी आहे. तळहाताएवढी, तांब्यासारखी, वर एक बाई आणि सिंह आणि इंग्रजी अक्षरं. लहानपणी आम्ही तिला देवीची थाळी म्हणायचो. दसऱ्याला बाहेर काढून हळद-कुंकू लागायचं. दोन वर्षांपूर्वी माळा साफ करताना चुलतभाऊ म्हणाला, मोडीत चांगले पैसे येतील. मी नको म्हटलं, कारण त्यावर आडनाव आमचं दिसत होतं. ही त्यातलीच गोष्ट आहे का?

वेण्णाकाठची:

दुरडी, कृपा करून मोडीत देऊ नका! ती महायुद्धातल्या मृतांच्या घरी पाठवलेली स्मृतिथाळी आहे. बाई म्हणजे ब्रिटानिया, तिच्यासोबत सिंह. व्यास सुमारे १२ सेंटीमीटर, धातू ब्राँझ. अशा १३ लाखांहून जास्त ओतल्या गेल्या. कडेने लिहिलेलं असतं की तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. नावापुढे हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, सगळे सारखे म्हणून. इंग्लंडात लोक तिला मेलेल्याचा पैसा म्हणायचे, आकार पेनीच्या नाण्यासारखा असल्याने.

एमीच्या घरी अशा पाच आल्या असणार. आणि तुमच्या घरी आलेली थाळी तिच्यासारख्याच दुसऱ्या एका बाईच्या हातात पडली.

दुरडी:

अंगावर काटा आला. स्वातंत्र्यासाठी मेला असं लिहिलंय आणि ते आमच्या घरी कुणाला वाचताच आलं नाही. त्याची आई थाळीला देवी समजून पुजत होती की मुलाची खूण म्हणून, कुणास ठाऊक. चुलत पणजोबा तिघं भाऊ लढाईवर गेले आणि एकच परत आला एवढं घरात सांगतात. "बसऱ्याला गेला" हा वाक्प्रचार आमच्याकडे माणूस परत येणार नाही या अर्थाने वापरतात. मला वाटायचं ती फक्त म्हण आहे.

थाळी एक आहे. दोन मेले असतील तर दुसरी कुठे गेली?

बखर:

@दुरडी, दुसरी एकतर वाटणीत गेली, किंवा मोडीत, किंवा पत्ता न सापडल्याने आलीच नाही. शोधता येईल. कमिशनच्या संकेतस्थळावर बसरा स्मारकाच्या नोंदी आता नावानिशी दिसतात. दगडावर आकडा असला तरी कागदावर नावं होती. आडनावाने सापडणं कठीण, कारण बहुतेक शिपायांची नोंद नाव आणि बापाचं नाव अशी आहे. स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं. पलटण माहीत असेल तर तिने शोधा, मग गाव आणि तालुका बघा. गावाचं नाव चार प्रकारे लिहून पाहा.

निवृत्त_सुभेदार:

बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटर आहे, तिथं पत्र टाकून बघा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण विचारा. थाळीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. घासू नका, चिंच तर मुळीच लावू नका.

दुरडी:

आठ दिवसांनी लिहितेय. एक सापडला!

११७वी मराठा. नाव थाळीवरचंच, स्पेलिंग वेगळं. बापाचं नाव, गाव, पाटण, सातारा. तारीख एप्रिल १९१६, म्हणजे कूतचा वेढा संपायच्या सुमाराची. बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांना फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाले परत वाच. तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

एक विचारायचंय. मी त्या पानांवर इतर पंचवीस-तीस नोंदीही उघडून पाहिल्या. अमक्याचा मुलगा, क्वचित अमकीचा नवरा. बापाचं नाव सगळीकडे. आईचं नाव मला एकाही हिंदी नोंदीत दिसलं नाही. असतं का कुठे?

बखर:

मी पाहिलेल्या नोंदींतही नाही.

वेण्णाकाठची:

दुरडी, तुमच्या घरात तिचं नाव कुणाला माहीत आहे का? जिचे तिन्ही मुलगे लढाईवर गेले, तिचं.

दुरडी:

बाबांना माहीत नाही. थोरल्या आत्या आहेत, ९० च्या पुढच्या, त्यांना काल विचारलं. त्या म्हणाल्या, तिला सगळे थोरलीच म्हणायचे. तिची एक गोष्ट त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली. तिघं एकाच दिवशी कराडच्या वाटेने निघाले, तर ही ओढ्यापर्यंत मागे गेली आणि धाकट्याचं मनगट धरून बसली. ह्याला तरी ठेवा म्हणाली. चुलत्यांनी हात सोडवला.

परत आला तो थोरला. थाळी धाकट्याची आहे.